नानांच्या खोलीपर्यंतची वायर

"पण बाबा, आधी अनुग्रह आणि मग काम, असं का नाही?"

यशोधननं हे विचारलं तेव्हा त्याच्या खांद्यावर निळ्या वायरचं भलंमोठं वेटोळं होतं, आणि बाबा भरताची वांगी निवडत बसले होते.

बाबांनी एक वांगं उलटसुलट करून पाहिलं.

"वायर कुठल्या टोकाकडून ओढतात?"

"कुठल्याही. काही फरक पडत नाही."

"मग झालं तर," बाबा म्हणाले. "त्या टोकाकडून ओढ."

मी चुलीपाशी होतो. मला हसू आलं, म्हणून मी उगाच लाकडं पुढे सारली. पाहुण्याच्या तोंडावर हसू नये, एवढं बाबांनी मला शिकवलंय. बाकी फारसं काही माझ्या डोक्यात शिरलेलं नाही.

मी भिकन. इथला स्वयंपाक बघतो. लोक या जागेला मठ म्हणतात, पण खरं तर हे तापीकाठचं कापसाचं जुनं गोदाम. जिनिंगवाले शेट गाव सोडून गेले आणि जाताना बाबांना देऊन गेले. आत भिंती घालून खोल्या केल्या. त्यात आम्ही तिघं राहतो. तुळशीरामबाबा, त्यांचे गुरुबंधू मुरलीनाना, आणि मी.

नाना दिवाळीच्या आधी मोरीत घसरले. खुबा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, पाठ टेकून पडून राहायचं, खाट हलवायची नाही. खाट पार मागच्या खोलीत. तिथे एक स्टूल ठेवलं की तिसऱ्या माणसानं उभं कुठे राहायचं हा प्रश्न.

आणि पोथी होते पुढे, ओसरीवर. रोज दिवेलागणीला. निम्मं गाव येऊन बसतं.

नानांना सगळी पोथी तोंडपाठ. ते बाबांच्या डाव्या हाताला बसायचे आणि बाबांची एक ओळ जरी इकडची तिकडे झाली, की म्हणायचे, "थांब."

चारचौघांत. गुरूला. मला पहिल्यांदा फार राग यायचा.

बाबा थांबायचे, हात जोडायचे आणि ती ओळ परत वाचायचे.

नाना पडल्यापासून पोथी गाडीसारखी सुरळीत चालली होती. लोकांना बरं वाटायचं. एके दिवशी बाबा जेवता जेवता म्हणाले, "भिकन, काल मी एक आख्खी ओळ गाळली रे."

"असू द्या की बाबा. कुणाच्या लक्षात आलं?"

"तेच म्हणतोय." आणि त्यांनी हात धुतला. भाकरी अर्धी तशीच राहिली.

मग आम्ही मोबाइल ठेवून पाहिला. एक ओसरीवर, एक नानांच्या उशाशी. पण गोदामाच्या भिंती दोन हात जाड, दगडी. बिनवायरचं काही त्यातून धड जात नाही. चित्र गोठायचं. नानांचं "थांब" यायचं तोवर बाबा पान उलटून पुढे गेलेले असायचे.

हे यशोधनच्या कानावर गेलं.

यशोधन कारखानीस पुण्याचा. मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारतींमध्ये कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायचे, हे त्याचं काम. हुशार. त्यात शंका नाही. पण स्वतःची हुशारी तो आल्या आल्या चपलेबरोबर दाराशी काढून ठेवत नसे, आतपर्यंत घेऊन यायचा. गेलं वर्षभर येऊन बाबांना म्हणत होता, मला अनुग्रह द्या. बाबा म्हणायचे, "बघू."

याआधी तो आणखी एकदोन महाराजांकडे जाऊन आला होता. तिथे त्याला लगेच मिळत होता, म्हणून त्यानं घेतला नाही. हे त्यानंच मला सांगितलं. म्हणजे बघा.

त्या दिवशी तो सगळं सामान घेऊनच आला. बाबा त्याला म्हणाले, "आज दिवा लागायच्या आत नानाचं 'थांब' माझ्यापर्यंत पोचव. मग तुझं बघू."

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"बाबा, हे माझ्या डाव्या हाताचं काम आहे."

"मग उजव्यानं कर," बाबा म्हणाले आणि वांगी निवडायला घेतली.

*

काम मात्र देखणं करायचा, हे कबूल करायला हवं.

मधल्या बोळातल्या कोनाड्यात त्यानं एक डबा बसवला. पुढे भोकांची रांग, प्रत्येक भोकावर बारका दिवा. त्याला तो स्विच म्हणायचा. मी डबाच म्हणतो. प्रत्येक खोलीतून एक वायर निघायची आणि या डब्यात यायची. म्हणजे कुठल्याही खोलीनं कुठल्याही खोलीला हाक मारावी.

वायर सोलली की आतून आठ बारक्या तारा निघत. दोन दोन एकमेकींना पिळलेल्या. त्यांचा क्रम लावून तो चिमट्यानं कट्कन टोक बसवायचा.

"हा पीळ आहे ना काका, तो फार उकलायचा नाही," त्यानं मला समजावलं. "पिळामुळेच आतलं बोलणं स्वच्छ राहतं."

"असं का," मी म्हणालो.

"लोकांना हे माहीत नसतं. मी ओढलेली वायर आजवर कुणाला परत उघडावी लागलेली नाही."

"अरे वा," मी म्हणालो, आणि डाळ बघायला गेलो. डाळ लागत नव्हती, पण गेलो.

एक वायर नानांच्या खोलीत गेली, एक ओसरीवर, एक वाचनाच्या खोलीत, तिथे शाळेनं दिलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. चौथी वायर त्यानं मापून कापली, दोन्ही टोकं बसवली, एक टोक डब्यात घातलं आणि दुसरं हातात घेऊन बाबांच्या खोलीकडे निघाला.

बाबा दारातच उभे होते.

"इथे नको," ते म्हणाले.

"बाबा, सगळ्या घराला आहे. तुमच्याच खोलीला नाही, हे कसं दिसेल?"

"नको."

"नंतर लागलीच तर?"

"लागेल तेव्हा सांगीन. अजून नको."

यशोधनचा चेहरा पडला. वायरचं त्याला एवढं नव्हतं. "अजून नको" हे शब्द त्यानं वर्षभर ऐकले होते.

ती वायर त्यानं गुंडाळली आणि कोनाड्यात डब्याखाली ठेवून दिली. एक टोक डब्यात तसंच राहिलं, दुसरं लोंबत होतं.

दुपारी जेवणाच्या आत सगळं सुरू झालं. ओसरीवर कॅमेरा आणि माइक, नानांच्या समोर पडदा. नानांच्या उशाशीही तसाच माइक. मी ओसरीवर जाऊन उभा राहिलो आणि तिथल्या स्पीकरच्या डबीतून नानांचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"भिकन, पोट सुटलंय तुझं."

"पोचलं, नाना," मी म्हणालो.

"पोट?"

"आवाज."

यशोधन आमच्याकडे पाहून हसला. खरं सांगतो, त्या क्षणी तो मला आवडला. बाबांकडे वळून तो म्हणाला, "बघा. दिवा लागायला अजून अवकाश आहे."

"आहे खरा," बाबा म्हणाले. "जेवून घे."

*

जेवण झाल्यावर त्याला झोप लागेना. तो आवरायला बसला.

या लोकांना आवरण्याचा एक नादच असतो. वायरी सरळ करायच्या, पट्ट्यांनी बांधायच्या, प्रत्येकीला चिठ्ठी. कोनाडा असा केला त्यानं, की वाटावं आता इथे उदबत्ती लावावी.

मी भाकरीचं पीठ चाळत होतो. मधेच नानांची हाक आली, साधीच, घशातून. "अरे, हा पडदा का मेला?"

यशोधन धावला. पडदा काळा. ओसरीवरची डबी मुकी. वाचनाच्या खोलीतलाही कॉम्प्युटर कुणाला ओळख देईना.

"काही बदललंस का?" मी विचारलं.

"काहीच नाही. नुसतं आवरलं."

मी कोनाड्यात डोकावलो. डब्यावरचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते, नुसते वेड्यासारखे. मला वाटलं, छान चाललंय.

"जोरात चाललंय की," मी म्हणालो.

"काका, तुम्ही जरा बाजूला व्हा."

झालो. मला काय.

त्यानं एक यंत्र काढलं आणि एकेक वायर तपासली. नानांची वायर ठीक. ओसरीची ठीक. वाचनाच्या खोलीची ठीक. तरी त्यानं टोकं कापून नवी बसवली. डबा बंद केला, सुरू केला. क्षणभर बरा वाटला, की परत तेच थैमान.

"वीज कमीजास्त होतेय तुमच्याकडे."

"कंदील लावू का?" मी म्हणालो.

"मिक्सर लावला होता का कुणी?"

"आमच्याकडे पाटा आहे."

"मग उंदीर."

"मांजर आहे."

"मग डबाच भिकार आहे. घाईत तालुक्याच्या दुकानातून घेतला. आमच्याकडचे डबे असले नखरे करत नाहीत." तो कपाळावरचा घाम पुसत होता. बाहेर थंडी होती. "जळगावला जाऊन दुसरा आणतो."

"जाऊन येईपर्यंत पोथी संपेल," मी म्हणालो.

तो भिंतीला टेकून खाली बसला. कापलेली टोकं एकेक करून वेचायला लागला. मी मनातल्या मनात म्हणत होतो की बरं झालं, जरा उतरली. पण ते हात पाहिले आणि माझं मलाच बरं वाटेना. वर्षभर येत होता बिचारा. पुण्याहून. रात्रभर एसटीत बसून.

ओसरीवर माणसं जमायला लागली होती. चपला काढल्याचे आवाज येत होते.

बाबा बोळात आले. पोथी काखेत. यशोधनच्या शेजारी खाली मांडी घालून बसले आणि डब्याकडे पाहत राहिले. बाबांना यातलं ओ की ठो कळत नाही. साधा मोबाइल उलटा धरतात.

मग त्यांनी लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बोट केलं.

"फार बोलतायत रे," बाबा म्हणाले.

"हं."

"कुणाशी?"

यशोधननं मान वर केली.

बाबांनी बोट पुढे करून एक वायर धरली. "ही नानाची?"

"हो."

"ही?"

"ओसरीची."

"ही?"

"वाचनाच्या खोलीची."

"आणि ही?"

"ही..." यशोधन म्हणाला.

त्यानं ती वायर हातात घेतली आणि बोटांनी चाचपत पुढे पुढे गेला. वायर डब्यातून निघाली, डब्याखालच्या वेटोळ्यात शिरली, वेटोळ्यातून बाहेर आली, पट्टीखालून वर चढली... आणि परत त्याच डब्यात गेली. शेजारच्या भोकात. नीट, कट्कन बसवलेली.

बाबांच्या खोलीला नको म्हटलेली वायर ती. आवरताना तिचं लोंबतं टोक त्याला दिसलं असणार, आणि शेजारी मोकळं भोक. मोकळं भोक आणि लोंबतं टोक एका ठिकाणी दिसलं की या लोकांचा हात राहत नाही. टापटिपीच्या भरात आपण काय केलं, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

तो नुसता बसून राहिला. डोळे त्या दोन टोकांवर.

"कुठे जाते म्हणालास?" बाबांनी विचारलं.

यशोधननं हात पुढे केला आणि एक टोक उपसलं.

डब्यावरचे दिवे शांत झाले. मग एक लुकलुकला, थांबला. मग दुसरा. सावकाश, माणसं बोलतात तसे.

ओसरीवरून नानांचा आवाज घुमला. "तुळशा, मेलात का सगळे? की मीच गेलो?"

ओसरीवरची माणसं खदखदा हसली.

*

बाबा ओसरीवर जाऊन बसले. मी समई लावली. डाव्या हाताला, नानांच्या जागी, यशोधननं आपली डबी ठेवली आणि तिच्यामागे स्वतः उभा राहिला.

गावचे माजी सरपंच पुढेच बसतात. त्यांना सगळ्यातलं सगळं कळावं लागतं. "काय बिघडलं होतं हो इंजिनियर?"

यशोधन म्हणाला, "डबा..."

आणि थांबला.

डबा खराब होता म्हटलं असतं तर आम्ही सगळ्यांनी मान डोलावली असती. मी तर आधी डोलावली असती. बोळात काय झालं ते बाबांना कळलं नव्हतं आणि मला तेव्हा अर्धंमुर्धं कळलं होतं. जगात एकट्या यशोधनला ठाऊक होतं. आणि त्याचा अनुग्रह, ज्यासाठी तो वर्षभर झिजला, तो समोर समईच्या उजेडात बसला होता.

त्यानं सरपंचांकडे पाहिलं.

"डबा चांगला आहे," तो म्हणाला. "मीच एका वायरची दोन्ही टोकं त्याच डब्यात घातली. त्यातून जे जाईल ते तिथेच परत यायचं. परत जायचं, परत यायचं. डबा स्वतःशीच बोलत राहिला, म्हणून बाकी कुणाचं काही ऐकू येईना. मघाशी काकांवर, विजेवर, दुकानदारावर ढकललं मी. चूक माझी होती."

सरपंच उगाच टोपी नीट करायला लागले.

डबीतून नानांचा आवाज आला. "पोचलं रे पोरा. स्पष्ट ऐकू आलं."

यशोधन खाली बसला. माणसांत, चपलांच्या जवळ, जिथे जागा होती तिथे.

बाबांनी पोथी उघडली.

वाचन सुरू झालं. पान संपलं, दुसरं सुरू झालं. मी दाराशी उभा होतो, चुलीवर वांगी भाजत ठेवून. बाबांचा आवाज एका लयीत चालला होता, आणि मला वाटायला लागलं की आज काही चुकत नाही. मला वाईट वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू.

"थांब," नाना म्हणाले.

बाबा तिथल्या तिथे थांबले.

"ओळ गाळलीस तुळशा."

"कुठली?"

नानांनी म्हणून दाखवली. आवाज थकलेला होता, पण एक अक्षर सुटलं नाही.

बाबांनी पोथीवर बोट ठेवलं, डबीला हात जोडले आणि ती ओळ परत वाचली. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला पाहवेना. महिनाभर उपाशी असलेल्या माणसाच्या पानात भाकरी पडावी तसा. माझे डोळे भरून आले. धूर म्हणून मी पुसले, पण धूर नव्हता.

यशोधन मान खाली घालून बसला होता. तोही पुसत होता.

*

भरीत झकास झालं. बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या. नानांच्या खोलीतून डबीवर हुकूम आला, "भिकन, मिरची वाढव, आजाऱ्याचं देऊ नकोस मला." आता हे रोज ऐकावं लागणार, माझ्या लक्षात आलं.

यशोधन आपली हत्यारं पिशवीत भरत होता. चिमटा, यंत्र, उरलेल्या पट्ट्या. मी त्याच्याजवळ गेलो.

"अरे, विचार की बाबांना. दिव्याच्या आत पोचवलंस. बोलल्याप्रमाणे झालं."

"नको काका."

"का रे?"

"आज नको. पुढच्या वेळी येईन तेव्हा नानांच्या खोलीतली वायर जरा भिंतीला सरळ लावून देतो. कोपऱ्यात फार वाकलीय. माझ्या नजरेतून सुटली होती."

मी त्याच्या पिशवीत चार भाकरी आणि ठेच्याची पुडी कोंबली.

तो बाबांच्या पाया पडायला गेला. बाबा आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यानं डोकं टेकवलं, उठला. काही मागितलं नाही. पिशवी खांद्याला लावली आणि वळला.

"थांब," बाबा म्हणाले.

तो थांबला.

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. सावकाश चघळलं...

"ती वेटोळ्यातली वायर आहे ना," ते म्हणाले. "तिचं मोकळं टोक आण इकडे, माझ्या खोलीत."